ओल्या रानात तहानलेला ऊस : पाण्याच्या गुणांचा एक धडा



उन्हाळ्यातल्या गटवार बैठकांपैकी एका बैठकीत एका वयस्कर सभासदांनी उठून प्रश्न विचारला. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांना आपण आबा म्हणू. आबा म्हणाले, "साहेब, माझं रान ओलं हाय. पाय टाकला तर रुततोय. तरी ऊस दुपारचा पानं गुंडाळून उभा ऱ्हातो, जणू आठ दिस पाणीच दिलं न्हाई. म्या आनखी पाणी देतो, तर त्यो आनखीच पिवळा पडतो. ह्ये गौडबंगाल काय हाय?" बैठकीत हशा पिकला. आबा मात्र हसत नव्हते. त्यांच्या त्या दोन एकरांत एके काळी एकरी साठ टन ऊस निघे. मागल्या गळिताला तो निम्म्याच्याही खाली आला होता.

आम्ही त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यायचे ठरले व ते नमुने घेऊन आम्ही पुण्याला गेलो. उत्तराचा निम्मा भाग प्रयोगशाळेत मिळाला. उरलेला निम्मा, खरे सांगायचे तर, पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर मिळाला.

आमचा मुक्काम पेठेतल्या एका ओळखीच्या घरी होता. वाडा जुना, खालच्या भिंती विटा-मातीच्या. अंगणाकडच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागलेला. गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले आणि त्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. बोटावर घेऊन जिभेला लावून पाहिली, तर खारट. घरातल्या आजी म्हणाल्या, "दर दोन वर्षांनी गिलावा करून घेतो हो, पण पुन्हा फुटतोच मेला." त्या भिंतीवर कुणी मीठ फासले नव्हते की पाणी मारले नव्हते. पायातली ओल विटांमधून वर चढली, चढताना जमिनीतले क्षार आपल्यात विरघळवून घेऊन आली, वर आल्यावर वाऱ्याने पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. आबांच्या रानात नेमके हेच चालले आहे. फक्त तिथली भिंत आडवी आहे.

विरघळवणे, चढणे आणि उडून जाणे हे पाण्याचे तीन गुण. हे तीन नसते तर ऊसच काय, बांधावर हरळीची काडीही उगवली नसती. आणि ज्या गुणांनी पाणी पिकाला जगवते, त्याच गुणांनी ते रानही नासवते. आजचा धडा एवढ्याच गोष्टीचा आहे, पण ती मुळापासून समजून घेऊ.

पाण्याचा कण

पाण्याचा एक कण म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला जोडलेले हायड्रोजनचे दोन. हे तिघे सरळ रेषेत उभे नाहीत. गलोलीच्या बेचक्यासारखी त्यांची ठेवण आहे, मधला कोन सुमारे १०४.५ अंशांचा. बेचक्याच्या जोडावर ऑक्सिजन बसतो. तो विजेचा ऋण भार थोडा आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे दोन टोकांच्या हायड्रोजनवर थोडा धन भार उरतो. म्हणून पाण्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणाला धरून ठेवतो. लोहचुंबकाचे तुकडे डब्यात एकमेकांना चिकटतात, तसे समजा. (दाखला समजुतीपुरता. इथे चुंबकत्व नाही, विजेचा भार आहे.)

या धरून ठेवण्याचे महत्त्व एका तुलनेने कळेल. सांडपाण्याच्या डबक्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. त्याची घडण पाण्यासारखीच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. कण पाण्याच्या कणापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. जड असून तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे आपल्याकडे तो कायम वायूच. त्या हिशेबाने हलक्या पाण्याने तर केव्हाच हवेत जायला हवे होते. ते विहिरीत, नदीत आणि आपल्या रक्तात द्रव होऊन राहिले आहे, ते केवळ कणांनी एकमेकांचा हात धरल्यामुळे.

शाळेच्या पुस्तकात आणखी एक गुण असतो : पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते आणि बर्फ त्यावर तरंगतो, म्हणून थंड देशांत तळी वरून गोठली तरी खाली मासे जगतात. गोष्ट मोठी आहे, पण आपल्या बांधावर तिचे काम नाही. पुढे जाऊ.

विरघळवणे

पाण्याचा कण शेजाऱ्याला धरतो, तसाच तो मिठालाही धरतो. मिठाच्या खड्यातला धन भाराचा सोडियम पाण्याच्या एका बाजूला ओढला जातो, ऋण भाराचा क्लोराइड दुसऱ्या बाजूला, आणि खडा सुटा होतो. एक किलो पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ मावते. साखरेची गोष्ट आणखी नवलाची आहे. साध्या तापमानाला एक किलो पाणी सुमारे दोन किलो साखर विरघळवून घेते. आपला सगळा कारखाना या एका गुणावर उभा आहे. मिलमध्ये बगॅसवर पाणी मारून उरलेली साखर काढून घ्यायची आणि पुढे इव्हॅपोरेटरमध्ये तेच पाणी वाफ करून घालवायचे. गव्हाणीत पडणाऱ्या शंभर टन उसात सत्तर टनांच्या आसपास पाणीच असते, हे काट्यावर ट्रॉली उभी असताना आपण विसरतो.

उसाला तोंड नाही. मुळाला चावता येत नाही, फक्त पिता येते. युरिया असो, पोटॅश असो की जमिनीतले लोह, पाण्यात विरघळले तरच ते मुळात शिरते. पानात तयार झालेली साखरही पाण्यात विरघळूनच कांड्यात उतरते. हा झाला उपकार.

आता अपकार. पाणी विरघळवताना निवड करत नाही. खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांतून आलेले पावसाचे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकावरून वाहते आणि बऱ्यापैकी निर्मळ असते. तेच पाणी पुणे शहरातल्या लाखो घरांतून जाते, तेव्हा साबण, मीठ, मूत्र, कपडे धुण्याची पावडर, सगळे बरोबर घेते. मुंढव्याला शहराचे हे वापरलेले पाणी प्रक्रिया करून उचलले जाते आणि शेतीसाठी जुन्या कालव्यात सोडले जाते. प्रक्रियेत घाण बरीच निघते, पण विरघळलेले क्षार नेहमीच्या प्रक्रियेने निघत नाहीत. मुळा-मुठेच्या आणि पुढे भीमेच्या काठावर पाणी उचलणाऱ्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे. नदीच्या वरच्या अंगाचे पाणी आणि खालच्या अंगाचे पाणी एक नव्हे, दिसायला सारखे असले तरी.

हिशेब करून पाहू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी अडीच मीटर उंचीचे पाणी गेले, तर एकराला ते होते सुमारे एक कोटी लिटर. पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असले, तर एकरात वर्षाला दोन टन क्षार येऊन पडले. आबांच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार निघाले. एक ग्रॅम म्हणजे किती? आपल्या वरणात याच्या कितीतरी पट मीठ असते. पण एक कोटी लिटरांनी गुणा : दहा टन. म्हणजे नुसत्या त्या विहिरीवर एकर भिजवले, तर खताच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रक दरसाल रानात रिकामी केल्यासारखे झाले, आणि या खताचा उपयोग उलटा.

चढणे

धोतराचा सोगा पाण्याच्या बादलीत पडला, तर ओल वर सरकत येते. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी आपोआप तीन सेंटिमीटर चढते. नळी दहापट बारीक केली तर तीस सेंटिमीटर. आपल्या काळ्या मातीतली छिद्रे याहून कितीतरी बारीक आहेत. त्यांत पाणी हळू चढते, पण पुष्कळ उंच चढते. पाळी झाल्यावर वरचा थर सुकला तरी खालची ओल मुळाला येऊन भेटते, ती या गुणामुळे.

बारा फूट उसाच्या शेंड्यापर्यंत पाणी जाते, ते मात्र नुसत्या या चढण्याने नव्हे. पानातून वाफ उडाली की पाण्याचा एक कण जातो आणि जाताना मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. विहिरीच्या रहाटावर दोर ओढावा तसा हा पाण्याचा धागा मुळापासून पानापर्यंत अखंड ओढला जातो आणि तुटत नाही. कारण तेच, कणांनी धरलेला हात.

उडून जाणे

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. सुकी माती एवढ्या उष्णतेत त्याच्या जवळजवळ पाचपट तापते. म्हणून भिजलेल्या रानात वैशाखातही मूळ भाजत नाही. आणि एक ग्रॅम पाण्याची उन्हाळ्यात वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. माठातले पाणी थंड राहते ते या खर्चामुळे, आणि उसाचे पान उन्हात करपत नाही तेही यामुळेच. मूळ शंभर लिटर पिते, त्यातले सत्त्याण्णव लिटरांहून जास्त पानावाटे हवेत जाते. पाणी वाया गेले असे वाटते, पण ते मजुरी म्हणून गेले : त्याने अन्न वर आणले आणि पान गार ठेवले.

मात्र उडून जाते ते निव्वळ पाणी. क्षार उडत नाहीत. जुन्या माठाला बाहेरून पांढरी खपली धरते ना, तीच ही गोष्ट. कारखान्याच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत साका धरतो तीही हीच. रानाला नळ्यांसारखे खरवडता येत नाही, एवढाच फरक.

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात ताटलीत पाणी सुटते. फोडीतले पाणी बाहेर का आले? पातळ पडद्याच्या ज्या बाजूला क्षार जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. मुळाची त्वचा हा असाच पडदा आहे. चांगल्या रानात मुळाच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत येते. बाहेरच क्षार वाढले की ही ओढ मंदावते आणि पाण्यात उभा असलेला ऊस तहानलेला राहतो. उसाच्या बाबतीत मातीच्या अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की उत्पन्न उतरू लागते आणि पुढे प्रत्येक एककाला सुमारे सहा टक्के घट येते, असा हिशेब धरतात. आबांच्या मातीचा आकडा सहाच्या आसपास आला. म्हणजे एक चतुर्थांश उत्पन्न तर क्षारांनीच खाल्ले.

मग बाकीचे कुठे गेले? ते वाफशात गेले. आपल्या वाडवडिलांनी 'वाफसा' हा एकच शब्द करून ठेवला आहे, पण त्यात केवढे शास्त्र आहे पाहा. मुळालाही श्वास घ्यावा लागतो. एक लिटर हवेत ऑक्सिजन पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम आठ. साखर दोन किलो मावून घेणारे पाणी ऑक्सिजनच्या बाबतीत इतके कंजूष. मातीच्या छिद्रांत निम्मे पाणी, निम्मी हवा असते तो वाफसा. सगळीच छिद्रे पाण्याने भरली की मूळ गुदमरते आणि गुदमरलेले मूळ पाणी ओढत नाही. आबा आणखी पाणी देत होते, ऊस आणखी पिवळा पडत होता.

नीरेच्या खोऱ्यात हे आधीच घडले आहे

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातून जाताना आम्हाला एका जुन्या कामाची आठवण झाली. १९०७ साली डॉ. हॅरोल्ड मॅन हे या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे गृहस्थ खुर्चीत बसणारे नव्हते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून त्यांनी १९१७ मध्ये पुस्तक काढले. (त्या खेड्यात आज उसाऐवजी उंच इमारती उभ्या आहेत.) त्याआधी १९१० मध्ये त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. भाटघरच्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला होता. दुष्काळी मुलखात पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला आणि जेमतेम पाव शतकात खारवट जमिनींवर पुस्तिका लिहायची पाळी आली. कालवा येण्याआधी जमिनीखालचे पाणी खोल होते, क्षार तिथेच निजलेले होते. पाटाने भरपूर पाणी मुरले, खालची पातळी वर सरकली आणि मातीच्या बारीक नळ्यांनी उरलेले अंतर कापले.

प्रश्न एवढा गंभीर होता, की १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटपाण्याची पद्धत शेतीला कशी जुळवावी हे पाहण्यासाठी पुण्यात एक खास शाखाच काढली. सर क्लॉड इंग्लिस यांनी ती पुढे वाढवली. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. धरणांच्या व बंदरांच्या प्रतिकृतींसाठी ते नावाजलेले आहे, पण त्याचा जन्म आपल्यासारख्यांच्या भिजवणीच्या प्रश्नातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुणेकरांना पाण्याचा कोप म्हटला की १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेत फुटले, खडकवासला फुटले, दुपारपर्यंत शहर पाण्याखाली गेले. ते पाणी सर्वांना दिसले. क्षारांचा पूर पंचवीस वर्षे घेतो, आणि बांधावर उभा राहिलेल्यालाही दिसत नाही, पांढरी साय धरेपर्यंत.

करायचे काय

पहिली गोष्ट, खड्डा. रानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात पाच फूट खोल भोक घ्या आणि एक दिवस तसेच ठेवून त्यात पाणी किती वर आले ते पाहा. पाच फुटांच्या आत पाणी आले तर रान धोक्यात आहे. आबांच्या भोकात ते अडीच फुटांवर येऊन थांबले.

दुसरी गोष्ट, खारवट आणि चोपण यांतला फरक. खारवट रानावर पांढरी साय दिसते. तिथे क्षार मोकळे असतात आणि निचरा असला तर चांगल्या पाण्याने धुऊन जातात. चोपण रानात सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो. भिजले की चिखल, सुकले की दगड, पाणी मुरतच नाही. तिथे आधी माती परीक्षणात सांगितलेल्या मात्रेने जिप्सम घालावे लागते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतो, मग उठलेला सोडियम पाणी घेऊन जाते. परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकले म्हणून जिप्सम टाकणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. ते पैसे मातीत जातात, अक्षरशः.

पण दोन्हींत निचरा हवाच. मोरी तुंबलेली असताना कितीही बादल्या ओतल्या तरी घाण मोरीतच फिरते. उघडा चर असो की जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, धुतलेले पाणी ओढ्यापर्यंत गेले पाहिजे. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने सभासदांना एकत्र करून पाइपांचे हे काम केले आहे आणि पडीक पडलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला आहे.

पाचट जाळू नका, सरीत पसरा. ऊन मातीला थेट लागले नाही की वरून उडणारे पाणी कमी होते आणि खालून क्षार वर येण्याचा वेगही मंदावतो. ठिबकने पाणी निम्म्याच्या आसपास वाचते, म्हणजे क्षारही तेवढे कमी येतात. पण ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला क्षार साठतात, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी ते धुऊन जात नाहीत. ठिबक बसवले म्हणजे निचऱ्याची काळजी संपली असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हे जरूर विचारा.

पाण्याचा नमुना आणताना स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, पंप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून मग भरावी, काठोकाठ भरून बूच लावावे. खताच्या किंवा औषधाच्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही परत पाठवतो, राग मानू नये. बाटलीवर नाव, गट नंबर आणि विहीर की नदी ते लिहावे.

आबांच्या रानातला चर ओढ्याला नेऊन सोडायचा, तर तो मधल्या रानातून जातो. ते रान त्यांच्या चुलत भावाचे, आणि दोघांत बांधावरून जुनी कुरबूर. पहिल्यांदा भावाने साफ नकार दिला. मग आम्ही त्यांच्याही सखल कोपऱ्यात भोक घेतले. दुसऱ्या दिवशी दोघेही ते बघायला आले. पाणी साडेतीन फुटांवर होते. भाऊ बराच वेळ खाली बघत बसले आणि म्हणाले, "आबा, तुझं पानी माझ्याकडं यायला लागलंय की रं." आबा म्हणाले, "पानी कुनाचं नस्तं."

दोघांच्या सह्यांचा अर्ज ऊस विकास विभागात आला आहे. तुटलेल्या खोडव्यानंतर रान मोकळे होईल, तेव्हा चराची आखणी करायची आहे. त्या पट्ट्यातल्या आणखी कुणाला त्याच चराला जोडून घ्यायचे असेल, त्यांनी आखणी होण्यापूर्वी गट ऑफिसात नाव द्यावे. चराचा उतार एकदा ठरला की मागाहून बदलता येत नाही.